यान उतरलं नाही तरी लेख टिकला पाहिजे

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही चोपड्याला शाळेत शिकवता. चांद्रयान-३ वर लेख लिहिला, तो एका संपादकांनी "फार भावनिक झालाय, आकडे घाला" म्हणून परत पाठवला. तुम्ही आकडे घातले, तर दुसऱ्यांनी "रुक्ष झाला" म्हणून ठेवून दिला. आता तुमचं विचारणं असं की, अवकाश मोहिमांवर लिहिणारे चांगले लेखक वाचकाला पटवताना विश्वास, भावना आणि तर्क यांचं प्रमाण कसं ठेवतात, आणि तुम्ही किती ठेवावं?

मी जळगावात एका दैनिकाच्या डेस्कवर सव्वीस वर्षं काढली. त्यातली चौदा वर्षं रविवारची पुरवणी माझ्याकडे होती. अवकाशावरचे शेकडो लेख या हातांखालून गेले असतील. तुम्ही दोन्ही मसुद्यांचे तुकडे दिलेत हे फार बरं केलं, कारण त्यावरूनच कळतं की अडचण प्रमाणाची नाही. पहिल्या मसुद्यातल्या भावनेखाली काही उभं नाही, आणि दुसऱ्यातल्या आकड्यांना काही काम दिलेलं नाही. भावना अर्धी केली आणि आकडे अर्धे ठेवले तरी लेख तसाच राहील.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगतो. यान उतरलं त्या रात्रीची बातमी, सहा महिन्यांनी लिहिलेला लेख आणि शाळेत १५ ऑगस्टला केलेलं भाषण, या तिन्हींचा हिशेब वेगळा. भाषणात लोक समोर असतात, तुमचा चेहरा बघतात, तुम्ही त्यांच्या ओळखीच्या असता. लेख वाचणारा तुम्हाला ओळखत नाही. पुढचं सगळं मी लेखाबद्दल बोलतोय.

ईथॉस, पॅथॉस, लोगॉस, म्हणजे विश्वास, भावना आणि तर्क, ही ॲरिस्टॉटलची नावं तुम्ही बीएडला वाचली असतील. मला त्यापेक्षा कीर्तनातला क्रम जवळचा वाटतो. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात अभंग सोडवून सांगतात, शंका काढतात, दाखले देतात. आख्यान उत्तररंगात येतं आणि श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी येतं तेही तिथेच. पूर्वरंग कच्चा निघाला, तर कितीही करुण आख्यान लावा, मागची माणसं चपला शोधायला लागतात. तुमचा पहिला मसुदा थेट उत्तररंगापासून सुरू होतो.

आता त्यातली वाक्यं बघू. "१४० कोटी भारतीयांच्या अभिमानाचा क्षण! चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर तिरंगा फडकला आणि अवघ्या जगाने तोंडात बोटं घातली." यात तीन विधानं आहेत. विक्रम, म्हणजे चांद्रयान-३ चा चंद्रावर उतरणारा भाग (लँडर), उतरला तो चंद्राच्या सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर. ध्रुव ९० अंशांवर. मधलं अंतर ६०० किलोमीटरच्या वर भरतं, म्हणजे जळगाव–मुंबईच्या जवळपास दीडपट. "दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात" म्हणा, हरकत नाही. "ध्रुवावर" म्हणू नका. तिरंगा लँडरच्या अंगावर होता; तो फडकवला नव्हता आणि तिथे हवाच नसल्यामुळे फडकलाही नसता. राहिलं जगाने तोंडात बोटं घालणं. ते खरं की खोटं, हे तपासायचा मार्गच नाही. तीनपैकी दोन विधानं चुकीची आणि तिसरं हवेतलं. वाचकाला हे सगळं माहीत नसेलही, पण दहावीतल्या एखाद्या हुशार पोराला माहीत असतं, आणि तो घरात बोलून दाखवतो. तिथून पुढे त्या घरात तुमचं एकही वाक्य चालत नाही.

हे मी अनुभवाने सांगतोय. चांद्रयान-२ चा विक्रम ७ सप्टेंबर २०१९ ला पहाटे दोनच्या सुमारास उतरायचा होता. आमची डाक आवृत्ती, म्हणजे धडगाव, अक्कलकुवा अशा लांबच्या तालुक्यांना जाणारी, रात्री लवकर छपाईला जायची. पहिलं पान माझ्याकडे होतं. मी विचार केला, वाचकाच्या हातात पेपर पडेल तेव्हा यान उतरलेलंच असणार, मग "उतरणार" कशाला लिहायचं? मोठ्या टायपात मथळा दिला, "विक्रम चंद्रावर!" गाड्या निघाल्या. पहाटे आम्ही सगळे ऑफिसातल्या टीव्हीसमोर उभे होतो. चंद्रापासून २.१ किलोमीटर उंचीवर असताना संपर्क तुटल्याचं जाहीर झालं. शहर आवृत्तीचं पान बदललं, पण सातपुड्याच्या वाटेला लागलेली गाडी कोण परत आणणार? सकाळी धडगावच्या आमच्या एजंटाचा फोन आला. म्हणाला, "साहेब, टीव्हीवर इस्रोचे साहेब रडताहेत आणि आपल्या पेपरात यान उतरलंय. मी लोकांना काय सांगू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर कितीतरी महिने त्याच्या स्टॉलवर लोक कापसाच्या भावाची बातमीसुद्धा "खरी ना?" असं विचारून घेत. चूक चंद्राची आणि दंड कापसाच्या बातमीला. मथळा माझा होता आणि ती गोष्ट आजही मला बोचते.

तेव्हापासून अवकाशावरच्या प्रत्येक लेखाला मी एकच कसोटी लावतो. यान उतरलं नाही, तर हा लेख छापता येईल का? तुमचा पहिला मसुदा यावर पूर्ण कोसळतो, कारण त्यात विजयाशिवाय दुसरं काहीच नाही. ज्या लेखात मोहीम काय करू पाहते, ते अवघड का आहे, त्यातून काय कळणार आहे, हे नीट सांगितलेलं असतं, त्याचा शेवटचा परिच्छेद तेवढा बदलावा लागतो.

आपल्याच पेपरची चूक सांगून थांबत नाही, मोठ्यांचीही सांगतो. १३ जानेवारी १९२० ला न्यूयॉर्क टाइम्सने संपादकीय स्फुटात रॉबर्ट गोडार्ड या रॉकेटशास्त्रज्ञाची टर उडवली होती. निर्वात पोकळीत ढकलायला काही नसताना रॉकेट चालेल कसं, एवढं शाळेतल्या मुलांनाही कळतं, अशा सुरात. पोकळीत रॉकेट व्यवस्थित चालतं. ते मागे वायू फेकतं आणि त्याच्याच प्रतिक्रियेने पुढे जातं. दुरुस्ती छापली गेली १७ जुलै १९६९ ला, अपोलो-११ चंद्राच्या वाटेवर असताना, म्हणजे ४९ वर्षांनी. त्या स्फुटाने काय वापरलं होतं ते पाहा. तर्कही नाही आणि आकडाही नाही, फक्त पेपरच्या नावाचं वजन. विश्वास कमावलेला असला की तो असाही खर्च होतो.

उसना विश्वास तर आपल्याकडे रोजचाच. "नासाच्या मते", "शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे", आणि पुढे काहीही. दिवाळीच्या रात्री उपग्रहातून दिसणारा रंगीबेरंगी भारत, हे चित्र दर वर्षी फिरतं. आमच्या पुरवणीच्या दिवाळी पानासाठीही ते दोनदा आलं होतं. मुळात ते दिवाळीचं नाही आणि एका रात्रीचंही नाही. अमेरिकेच्या हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञाने वेगवेगळ्या वर्षांच्या दिव्यांच्या नोंदी एकावर एक ठेवून, वस्ती कशी वाढली ते दाखवायला त्यात रंग भरले होते. नासाने २०१२ मध्ये हे जाहीरपणे सांगितलं, तरी चित्र फिरायचं थांबलं नाही. म्हणून माझ्या टेबलावर नियम होता: "शास्त्रज्ञ म्हणतात" असं असेल तर कोणता, कुठे, केव्हा म्हणाला. उत्तर नसेल तर वाक्य कापायचं.

आता आकड्यांकडे. तुमच्या दुसऱ्या मसुद्यात एकाच परिच्छेदात वजन, वेग, अंतर, खर्च, तारखा मिळून अकरा आकडे आहेत. सगळे बरोबर आहेत, मी तपासले. पण वाचक त्यातला एकही लक्षात ठेवणार नाही, कारण एकाही आकड्याकडून तुम्ही काही सिद्ध करून घेतलेलं नाही.

दोन उदाहरणं शेजारी ठेवतो. पहिलं तुम्हाला माहीत आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोहोचलं आणि त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या भाषणात पंतप्रधानांनी रिक्षाची तुलना केली: अहमदाबादेत रिक्षाला किलोमीटरला दहा रुपये लागतात, आपण मंगळावर सात रुपयांत गेलो. ४५० कोटी रुपये भागिले ६५ कोटी किलोमीटर, गणित बरोबर येतं. ऐकणाऱ्याला खर्चाचा अंदाज लगेच येतो, म्हणून ती तुलना घरोघरी पोहोचली. पण लेखात ती वापरताना थांबा. यान रिक्षासारखं किलोमीटरमागे इंधन जाळत नाही. पृथ्वीच्या ओढीतून सुटेपर्यंत आणि पुढे मंगळाजवळ वेग कमी करताना इंजिन चालतं. मधला जवळजवळ सगळा प्रवास फुकट, नुसतं वाहत जाणं. त्यामुळे तुलना खर्चाचा आकार सांगते, पण खर्च कशावर होतो ते झाकते. ती आहे भावना, आकड्याचे कपडे घालून आलेली.

दुसरं उदाहरण फाइनमन यांचं. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं, सात जण गेले. चौकशी आयोगात भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन होते. त्यांना दिसलं की, अपघाताची शक्यता नासाचे व्यवस्थापक एक लाखात एक सांगतात आणि काम करणारे अभियंते शंभरात एकच्या आसपास. फाइनमन यांनी एवढंच केलं: एक लाखात एक म्हणजे रोज एक यान याप्रमाणे ३०० वर्षं उड्डाणं केली तर एखादं पडेल, असं मांडून दाखवलं. ते वाचल्यावर दुसरा युक्तिवाद लागतच नाही. तो आकडा कोणी जबाबदारीने काढलेला नाही, हे आपलं आपल्यालाच कळतं. दोन्हीकडे मोठा आकडा रोजच्या मापात आणलाय, पण रिक्षा आकडा गोड करते आणि ३०० वर्षं आकडा तपासतात. तुमच्या लेखातली तुलना यातलं काय करते, हे एकदा स्वतःला विचारा.

चांद्रयान-३ चा खर्च तुम्ही ६१५ कोटी लिहिलाय आणि पुढे "म्हणजे माणशी साडेचार रुपयेसुद्धा नाहीत". हिशेब ठीक आहे. पण १४० कोटींनी भागलं की कुठलाही आकडा लहान होतो, अगदी एखाद्या घोटाळ्याचाही. चलाख वाचक हे ओळखतो. त्यापेक्षा त्याच जातीचा आकडा शेजारी ठेवा: चांद्रयान-२ ला ९७८ कोटी लागले होते आणि त्यात ऑर्बिटरही, म्हणजे चंद्राभोवती फिरत राहणारा भागही, होता, तो ऑर्बिटर अजून काम करत होता म्हणून चांद्रयान-३ ला वेगळा पाठवावा लागला नाही. आता खर्च कमी का झाला ते वाचकाला समजलं आणि २०१९ ची मोहीम पूर्ण वाया गेली नव्हती, हेही न ओरडता सांगून झालं.

हे तिन्ही धागे एकत्र कसे येतात ते पाहायचं असेल, तर अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचं १२ सप्टेंबर १९६२ चं राइस विद्यापीठातलं भाषण मुळातून वाचा. सोपं आहे म्हणून नाही, तर अवघड आहे म्हणून चंद्रावर जायचं, हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या पुढचे परिच्छेद कोणी वाचत नाही. तिथे ते कबूल करतात की समानव उड्डाणात आपण मागे आहोत आणि काही काळ मागेच राहू. वर्षाचा खर्च ५४० कोटी डॉलर, हा अवाढव्य आकडा आहे असं स्वतःच म्हणतात आणि मग देश सिगारेटींवर याहून थोडा जास्तच खर्च करतो हे शेजारी ठेवतात. माणशी आठवड्याला ४० सेंट पडतात, ते ५० च्या वर जातील, हेही सांगतात. पुढे काय फायदा होईल हे आज माहीत नाही, हा काही अंशी श्रद्धेचा भाग आहे, इथपर्यंत येतात. बिल लपवलेलं नाही. म्हणून ते गाजलेलं वाक्य नुसती आरोळी वाटत नाही.

भावनेबद्दल माझं मत थोडं कडक आहे. विशेषणांनी भावना येत नाही. "ऐतिहासिक", "अभूतपूर्व", "अंगावर शहारे" हे शब्द वाचकाला काय वाटून घ्यायचं ते सांगतात, आणि सांगितलं की माणूस वाटून घेत नाही. भावना तपशिलातून येते, आणि तपशील वाचकाच्या अंगाला माहीत असलेला हवा.

विक्रमवर चेस्ट नावाचं उपकरण होतं. ते मातीत घुसून वेगवेगळ्या खोलीवरचं तापमान मोजत होतं. २७ ऑगस्ट २०२३ ला इस्रोने त्याचा पहिला आलेख प्रसिद्ध केला: पृष्ठभागाजवळ पन्नास अंशांच्या पुढे, आणि ८ सेंटीमीटर खाली उणे दहाच्या आसपास. माझ्या पुरवणीत एका मुलाने लिहिलं होतं, "तापमानातील लक्षणीय तफावत शास्त्रज्ञांना थक्क करणारी आहे." मी त्याला बोलावलं आणि टेबलावर हाताची चार बोटं आडवी ठेवायला सांगितली. एवढं अंतर. वर भुसावळच्या मे महिन्यापेक्षा कडक ऊन, आणि चार बोटं खाली बर्फाहून गार. हे असं का, तर चंद्राची माती सुटी, भुशासारखी. कणांच्या मध्ये हवा नाही, त्यामुळे उष्णता खाली उतरतच नाही. त्याने ते तसंच लिहिलं. त्या रविवारी केळीच्या बागेवरून एका शेतकऱ्याने फोन करून विचारलं की तिथल्या मातीत ओल असते का हो? "लक्षणीय तफावत" वाचून असा फोन येत नाही.

उतरण्याचा प्रसंगही असाच लिहा. शेवटचा टप्पा सुरू झाला तेव्हा विक्रम सुमारे ३० किलोमीटर उंचीवर होता आणि वेग सेकंदाला जवळपास १.७ किलोमीटर. त्या वेगाने जळगावहून मुंबई साडेचार मिनिटांच्या आत. तो वेग वीसेक मिनिटांत शून्यावर आणायचा. पृथ्वीवरून आज्ञा पोहोचायला सव्वा सेकंद आणि उत्तर यायला तेवढंच, म्हणजे ब्रेक कधी लावायचा हे यानाने स्वतः ठरवायचं. बंगळुरूच्या माणसांनी फक्त पडद्याकडे बघायचं. एवढं सांगितलं की २३ ऑगस्टला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी तिथली माणसं उभी राहून टाळ्या का वाजवू लागली, हे वेगळं लिहावं लागत नाही.

तुमच्या मसुद्यात न आलेला, पण आपल्या भागात येणारच असा एक प्रश्न राहतो. २०२३ च्या त्याच हंगामात अमळनेरला बाजार समितीबाहेर कापसाची गाडी लावून उभ्या असलेल्या एका आबांना मी चांद्रयानाबद्दल विचारलं. ते म्हणाले, "भाऊ, चांदवर गयात ते बेस शे, पन आपला कापूसले भाव कव्हय भेटी?" म्हणजे, चंद्रावर गेले ते चांगलंच, पण आपल्या कापसाला भाव कधी मिळणार? हा प्रश्न टाळून लिहिलेला लेख खान्देशात तरी अपुरा आहे असं मी मानतो.

याला उत्तर देताना बहुतेक लेखक भारताच्या अवकाश कार्यक्रमाचे जनक विक्रम साराभाई यांचा आधार घेतात: विकसनशील देशाला अवकाश कार्यक्रमाची गरज काय, असं काही जण विचारतात, पण आमच्या मनात उद्देशाबद्दल संदिग्धता नाही. अवतरण इथेच थांबवतात. त्यांचं पुढचं वाक्य असं आहे की, चंद्र, ग्रह किंवा समानव उड्डाण यांत श्रीमंत देशांशी स्पर्धा करण्याचं स्वप्न आम्ही पाहत नाही. माणसाच्या आणि समाजाच्या खऱ्या अडचणींवर प्रगत तंत्रज्ञान वापरण्यात मात्र कोणाच्या मागे राहायचं नाही. अर्धं अवतरण देऊन चांद्रयानाचं समर्थन करणं हे साराभाईंचं नाव वापरून त्यांच्याच म्हणण्याला बगल देणं आहे. पूर्ण द्या आणि मग लिहा की तेव्हापासून आजपर्यंत काय बदललं, चंद्रावर जाणं आता का योग्य वाटतं. आबांना ते पटेल न पटेल, पण तुम्ही त्यांना फसवलं नाही, हे त्यांना कळेल.

या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उत्तर १९७० मधलं आहे. झांबियात काम करणाऱ्या सिस्टर मेरी जुकुंडा यांनी नासाचे अर्न्स्ट स्टुलिंगर यांना पत्र लिहिलं होतं: मुलं उपाशी मरत असताना मंगळासाठी अब्जावधी डॉलर कसे मागता? स्टुलिंगर यांनी लांबलचक उत्तर दिलं. त्याचा क्रम बघण्यासारखा आहे. सुरुवातीला सिस्टरच्या कामाबद्दल आदर आणि भुकेचं दुःख आपल्यालाही दिसतं ही कबुली. मग चारशे वर्षांपूर्वीच्या जर्मनीतल्या एका उमरावाची गोष्ट: गरिबांना मदत करणारा हा माणूस, भिंगं घासणाऱ्या एका कारागिरालाही पैसे देतो, म्हणून गावकरी चिडतात, पुढे त्या भिंगांच्या कामातून सूक्ष्मदर्शक येतो आणि रोगांशी लढायला उपयोगी पडतो. त्यानंतर आकडे: देशाच्या अंदाजपत्रकातला अवकाश संशोधनाचा वाटा १.६ टक्के. आणि शेवटी पत्रासोबत १९६८ मध्ये अपोलो-८ वरून काढलेला, चंद्राच्या क्षितिजावर उगवणाऱ्या पृथ्वीचा फोटो. आधी विश्वास, मग गोष्ट, मग हिशेब आणि चित्र सर्वांत शेवटी. फोटो पहिल्या ओळीत दिला असता तर ते उडवाउडवीचं उत्तर वाटलं असतं.

आपल्याला तर जर्मनीपर्यंत जायची गरज नाही. चाळीसगावजवळ पाटण्याचा शिलालेख आहे, शके ११२८ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने चंद्रग्रहणाच्या वेळी त्याला दान दिलं, असं त्यात कोरलेलं आहे. लेखाचा शेवट मराठीत आहे आणि तिथे पाटण्याच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचं उत्पन्न मठाला लावून दिल्याची नोंद आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आपल्याच भागातल्या बाजाराच्या पैशातून ग्रह-ताऱ्यांचं गणित शिकवलं जात होतं. मला हे दर वेळी वाचताना भरून येतं. तरी यावरून "भास्कराचार्य जन्माने खान्देशचेच" असं लिहू नका. त्यांनी स्वतः आपलं गाव विज्जडविड असं सांगितलंय आणि ते नेमकं कुठलं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मठ, दान, बाजार एवढं पक्कं आहे आणि तेवढं पुरतं. ७ जून १९७९ ला पृथ्वीचं निरीक्षण करायला सोडलेल्या उपग्रहाला भास्कर हे नाव दिलं गेलं होतं, तेही जोडता येईल. साराभाईंचं खऱ्या अडचणींबद्दलचं वाक्य आणि हा उपग्रह एकमेकांना धरून आहेत.

आता तुमच्या लेखापुरतं. पहिला परिच्छेद पूर्ण काढा आणि चार बोटांच्या तापमानाने किंवा त्या उतरण्याच्या मिनिटांनी सुरुवात करा. अकरा आकड्यांपैकी चार ठेवा, प्रत्येकाच्या मागे "म्हणून काय" याचं उत्तर असू द्या. आबांचा प्रश्न मध्यावर घ्या, शेवटी नको. शेवटी घेतला की तोंडदेखला वाटतो.

शेवटच्या परिच्छेदात तुम्ही "आता भारत मागे वळून पाहणार नाही" असं लिहिलंय. त्याऐवजी पुढे खरंच काय झालं ते लिहा. मोहीम चंद्राच्या एका दिवसापुरती, म्हणजे आपल्या साधारण चौदा दिवसांपुरतीच आखली होती आणि ते काम पूर्ण झालं होतं. सूर्य मावळायच्या आधी, सप्टेंबरच्या सुरुवातीला, प्रज्ञानला, म्हणजे विक्रममधून उतरलेल्या छोट्या गाडीला, झोपवलं. बॅटरी पूर्ण भरलेली होती, सौर पट्टी पुढच्या सूर्योदयाच्या दिशेला वळवून ठेवली होती आणि हाक ऐकू यावी म्हणून रिसीव्हर चालू ठेवला होता. २२ सप्टेंबरला तिथे पुन्हा सूर्य उगवल्यावर इस्रोने हाका मारल्या. उत्तर आलं नाही. एवढंच लिहा आणि तिथेच पूर्णविराम द्या.